रतनकाकूंचं शीड

"अत्यंत शांत, धर्मपरायण व समाधानी स्वभावाच्या होत्या." परवा पेपरात, आतल्या पानावर, काळ्या चौकटीत रतनकाकूंच्या फोटोखाली हे वाक्य छापून आलं. धर्मपरायण होत्या, ते खरं. बाकीचं धादांत खोटं आहे. शांत? त्या बाईचा आवाज चढला की समोरचा मेडिकलवाला गिऱ्हाईक सोडून बाहेर येऊन उभा राहायचा. आणि समाधानी? जिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि तीही मिळू दिली नाही, ती बाई कसली समाधानी!

त्यांच्या मुलानं, सुभाषभाऊंनी, मला फोन केला होता. "मॅडम, तुमचं मराठी चांगलं हाय, आईबद्दल चार ओळी लिहून द्या." मी दिल्या. त्यात लिहिलं होतं की त्या बाणेदार होत्या, चुकीला तोंडावर चूक म्हणायच्या आणि शब्दकोडी सोडवण्यात उभ्या जिल्ह्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यातलं एक अक्षर छापलं नाही. कोडी तर अशी पुसली, जशी त्या घरात कधी पेपरच आला नाही. म्हणून आता मीच लिहिते आहे. रागात लिहिते आहे, आणि राग ओसरेपर्यंत थांबायची माझी तयारी नाही.

मी मूळची अनसिंगची. कारंज्याच्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा रतनकाकूंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. खाली रस्त्याच्या बाजूला कापडाचं दुकान, मागं घर. काका जाऊन बरीच वर्षं झालेली. दुकान सुभाषभाऊ बघत आणि घर त्यांच्या बायको, ज्योतीवहिनी. काकू तेव्हा साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, नाकावर सदा चष्मा आणि चष्म्यामागं सदा राग. सकाळी जैन मंदिरातून आल्या की पाणी गाळून भरायचं, आणि मग दुकानाच्या कडेच्या बाकावर पेपर घेऊन बसायचं. पेपरची चार वेळा घडी, कोडं तेवढं वर. हातात पेन. पेन्सिल त्यांना चालायची नाही.

"शिसपेन घेतली की माणूस अंदाजपंचे भरते," त्या म्हणायच्या. "शाईनं लिहायचं असन तं आधी डोकं लावा लागते."

माणसंही त्या कोड्यातल्यासारखीच मोजायच्या. नळ सोडणारा माणूस चार अक्षरी: कधीतरी. स्वतःचा मुलगा तीन अक्षरी: बिचारा. हे सगळं त्याच्यासमोर, गिऱ्हाइकांसमोर, कापड मोजणं चालू असताना. एकदा मी हसले, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हसून कायले राह्यली? तू बी तीन अक्षरी हायेस. भिडस्त."

सातवीपर्यंत शिकल्या होत्या. सातवीत पहिल्या आल्या, आणि निकालाच्या आठवड्यातच साखरपुडा झाला. हे सांगताना त्यांचा आवाज रडवेला होत नसे, चढत असे. पन्नास वर्षांनंतरही चढत असे. "पह्यली आली मनून पेढे वाटले बाबांनी, अन् त्याच पेढ्यात सोयरीक उरकून घेतली. एका खर्चात दोन कामं!"

पण त्या रागाच्या तळाशी एक प्रश्न होता, आणि तो मला त्यांनी वर्षभरानं सांगितला. सातवीच्या भूगोलात शिडाच्या होडीचं चित्र होतं. वारा मागून आला की शीड फुगतं आणि होडी पुढं जाते, असं गुरुजींनी शिकवलं. रतननं हात वर केला. वारा समोरून आला तर? गुरुजी म्हणाले, तरी जाते. कशी जाते? गुरुजी म्हणाले, ते पुढच्या वर्गात शिकवतील.

"अन् पुढचा वर्ग कोनता व माया? सासर!"

तेवढ्यासाठी त्या कोड्यांकडे वळल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा या घरात वाचायला फक्त दुकानात येणारा पेपर होता आणि त्यातही बातम्या पुरुषांच्या. कोडं तेवढं कोणाला नको असायचं. कोड्यात कधी शीड यायचं, कधी सुकाणू, कधी तांडेल. शब्द आला की त्या तो वहीत लिहायच्या. एक वही दोन अक्षरांची, एक तीनची, एक चारची. तिन्हींना दुकानातल्या कापडाचं कव्हर, स्वतः शिवलेलं. इतर शब्द आडवेतिडवे लिहिलेले, पण समुद्राचे शब्द प्रत्येक वहीच्या मागच्या पानांवर वेगळे. शीड, नाळ, वल्हं. सुकाणू, खलाशी, उधाण. गलबत, डोलकाठी, दर्यावर्दी. कारंज्यापासून समुद्र किती लांब, हे सांगायची गरज नाही. आमच्याकडे पाण्यावर तरंगणारी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे गणपती.

शब्द चुकलेला मात्र त्यांना खपायचा नाही. एका रविवारच्या कोड्यात आलं, 'समुद्रावरून जमिनीकडे वाहणारे वारे, चार अक्षरी', आणि चौकोनांत बसत होतं मतलई. काकू बाकावरून ताडकन उठल्या. "हे कोन गाढव हाय? मतलई जमिनीकून समुद्राकडं जाते! खारे वारे इकडं येते!" मला वरून हाक मारून बोलावलं, कार्ड लिहायला बसवलं. मजकूर असा: 'आपले आडवे अकरा साफ चूक आहे. सातवीचे पुस्तक उघडून पाहावे. नसल्यास मी पाठवते.' खाली नाव घालू का विचारलं, तर म्हणाल्या, नाव कायले, चूक तं चूकच हाय. पुढच्या रविवारी पेपरानं दुरुस्ती छापली, 'एका जागरूक वाचकानं' लक्षात आणून दिल्याबद्दल आभार मानले. सुभाषभाऊंनी ती गिऱ्हाइकाला वाचून दाखवली आणि म्हणाले, लोकायले काय उद्योग नसते. काकू बाजूलाच बसल्या होत्या.

समुद्र पाहून आलेलं माणूस दिसलं की त्या त्याला धरून बसवायच्या. अशीच एकदा देवका आली. कामरगावच्या पुढच्या एका तांड्यावरची बाई, दोन हंगाम नवऱ्याबरोबर कोकणात एका बंदरावर मासळी निवडायच्या कामाला जाऊन आलेली. दिराच्या लग्नाचं कापड घ्यायला आली होती. कोकण हा शब्द ऐकला मात्र, काकूंनी सुभाषभाऊंच्या हातातलं लुगडं काढून घेतलं आणि देवकाला बाकावर बसवलं. मासळीत हात घालणाऱ्या बाईला आपल्या बाकावर बसवून, आपल्या कपात चहा दिला. ज्योतीवहिनींनी तो कप नंतर वेगळा ठेवला, तेव्हा काकूंनी तो उचलून मुद्दाम इतर कपांत मिसळला.

काकूंनी खडूनं फरशीवर होडी काढली. "हे डोलकाठी, मले मालूम हाय. पन शीड ज्या आडव्या बांबूले बांधते, त्याले काय म्हन्ते?"

"परबाण म्हन्ते ते लोकं," देवका म्हणाली.

काकूंनी डोळे मिटले. तो चौकोन अकरा वर्षं रिकामा होता. त्या कोड्याचं कात्रण त्यांनी चार अक्षरी वहीत जपून ठेवलं होतं; दुसरं अक्षर र, शेवटचं ण, बाकी रिकामं. वही आणवली, शाईनं भरलं. मग हळूच, मी त्यांना इतकं हळू बोलताना आधी ऐकलं नव्हतं, विचारलं, "अन् वारा समोरून आला तं?"

"सरळ नाई जात काकू," देवका म्हणाली. तिनं बोटानं खडूच्या होडीपुढं रेघ ओढली. "अशी तिरपी जाते. मंग होडीवाला शीड फिरवते, मंग इकडून तिरपी. पाह्यनाऱ्याले वाटते, भलतीकडंच चालली. पन पोचते बराबर."

"तू पाह्यलं?"

"रोज पाह्यलं."

पुढचा आठवडाभर काकू कोणावर ओरडल्या नाहीत. आणि त्यानंतर त्यांना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. नुसतं ऐकून त्यांचं कधी भागलंच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पेपरानं महाकोडं काढलं. चार रविवार, चार कोडी, सगळी समुद्राची आणि शिडाच्या जहाजांची. पहिलं बक्षीस: दोघांना चार दिवस कोकणाची सहल, त्यात शिडाच्या होडीतून एक फेरी. काकूंनी ते वाचलं, घडी घातली, आणि घरात सांगून टाकलं, "आता मले चार रविवार कोनी बोलायचं नाई."

एकशे बत्तीस शब्द होते. सगळे शाईनं. परबाणसुद्धा आला.

आता कूपनाची गोष्ट, जी मला लिहायची नाही आणि जी लिहिल्याशिवाय हे सगळं व्यर्थ आहे. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कोडं त्या भरायच्या, पण कूपनावरच्या बारीक रेघांवर नाव-पत्ता मी लिहायचे आणि शाळेत जाताना पोस्टात टाकायचे. नावाच्या जागी सुभाषभाऊंचं नाव. पहिल्यापासून तसंच चालत आलं होतं. काकांच्या काळात काकांचं नाव असायचं. घरच्या बाईचं नाव पेपरात कशाला, शिवाय दुकानाच्या नावानं टपाल बरोबर येतं. बक्षीस म्हणून आलेला स्टीलचा डबा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं सुभाषभाऊंच्या नावावर. दोनदा त्यांचा फोटो छापून आला. बाजारात लोक त्यांना हुशार समजायचे. पाण्याला तीन प्रतिशब्द विचारले असते तर त्यांची घामानंच आंघोळ झाली असती.

मी नेहमीसारखं नाव लिहिलं. एक क्षण हात थांबला का? नाही. उगाच स्वतःला चांगलं कशाला म्हणू? माझं अक्षर चांगलं आहे, मी ते चांगल्या अक्षरात लिहिलं.

पहिलं बक्षीस लागलं. पेपरवाल्यांचा फोन आला: ज्यांच्या नावे कूपन त्यांनी ओळखपत्र घेऊन यायचं, सोबत एक जण. म्हणजे सुभाषभाऊ, आणि एक.

काकूंनी दुसऱ्या दिवशीच पिशवी काढली. पाणी गाळायचं फडकं, तांब्या, कोरड्या खाण्याचा डबा. सूर्यास्ताआधी जेवायचं त्यांचं व्रत होतं, त्याचाही हिशोब त्यांनी लावून ठेवला होता. आणि तेव्हा घरात ती बैठक बसली. कुणी ओरडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही, हेच मला अजून पचत नाही. सगळे किती प्रेमानं बोलत होते!

"आई, तिकडं जिकडं तिकडं मासोळीचा वास," सुभाषभाऊ म्हणाले. "तुले एक घास जानार नाई."

"माया डबा हाय."

"चार दिवस डब्यावर? अन् थो होडीवाला कोळी, त्याच्या होडीत जाळ्यात पडलेली मासोळी. जीवहिंसेच्या जागी तुले नेऊन बसवू? समाज काय म्हनीन? जन्मभर धर्म पाळला तुवं, तो आता असा घालवते का?"

"माया धर्माची मले काळजी हाय. तू होडीची सांग."

"आई, तुयासाठीच सांगून राह्यलो न. अन् ज्योती बी लग्नापासून कुठं गेली नाई."

काकू सगळ्यांकडे बघत राहिल्या. मी जिन्यात उभी होते. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं. मी म्हणू शकले असते की कोडं यांनी सोडवलंय, एकशे बत्तीस शब्द, एक तरी तुम्हाला येतो का? पण घर त्यांचं, मी भाडेकरू. मी म्हणाले, "काकू, पुढच्या दिवाळीत आपण दोघी जाऊ." हे बोलताना मला फार शहाणं वाटलं होतं. काकू उठल्या. पिशवी तशीच भरलेली खुंटीला अडकवून ठेवली.

ते दोघं गेले आणि पाचव्या दिवशी आले. काकू बाकावर तयारच होत्या. "शीड कसं फिरवलं त्यानं? वारा समोरून होता का? किती वेळा तिरपी झाली?"

सुभाषभाऊ बायकोकडे बघायला लागले. मग म्हणाले, "आई, आमी होडीत बसलोच नाई. ज्योतीले पाहूनच मळमळलं. मंग म्या बी म्हनलं, कायले जीवाले घोर. तिथं भजे मस्त भेटत होते, थेच खाल्ले."

गाढवाला गुळाची चव काय, असं आपण सहज म्हणतो. त्या दिवशी मला ती म्हण पुरी पडली नाही. तेवढ्यात ज्योतीवहिनींनी कागदातून एक वस्तू काढून समोर ठेवली. शिंपल्यांची होडी, कापडाचं इवलंसं शीड, शोकेसमध्ये ठेवायची. "तुमच्यासाठी, आई."

काकूंनी चष्मा पुसला. होडी डोळ्यांजवळ नेली, फिरवून पाहिली.

"सुकाणू नाळीले लावलं. पुढं," त्या म्हणाल्या. "अन् शीड डिंकानं चिकटवलं. फिरतच नाई."

"शोची वस्तू हाय आई," सुभाषभाऊ हसले.

काकूंनी दुकानातली कात्री उचलली. आधी शीड कापलं. मग सुकाणू उपटलं. मग होडी फरशीवर, जिथं कधी देवकासाठी खडूनं काढली होती तिथं, आपटली. शिंपले गिऱ्हाइकांच्या चपलांपर्यंत गेले. मेडिकलवाला बाहेर आला. "दोन जागा होत्या होडीत!" काकू ओरडत होत्या. "दोन! एक बी नाई घेतली! भजे खाल्ले!" त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवसापासून घरात सगळे एकमेकांना सांगायला लागले की आईचं डोकं वयोमानानं जरा फिरत चाललं आहे. ही गोष्ट मंदिरापर्यंत गेली. ज्योतीवहिनी लोकांना फार मायेनं सांगायच्या. सांगताना डोळ्यांना पदर लावायच्या.

काकूंनी कोडं सोडलं नाही. फक्त एक बदल केला. आता कोडं भरायच्या आधी कूपनावर नाव लिहायच्या, स्वतःचं, स्वतःच्या हातानं, मोतीबिंदूतून दिसेल तसं, रेघांच्या बाहेर जाणारं. मला पुन्हा कधी लिहायला बोलावलं नाही. मी विचारलंही नाही.

मागच्या वर्षी माझी बदली झाली, अनसिंगजवळच. सामान आदल्या दिवशी टेम्पोतून गेलं. सकाळी निरोप घ्यायला खाली आले तर वहिनी म्हणाल्या, आई मंदिरात गेल्या. मला वाईट वाटलं. दहा वर्षं एका घरात राहिलो आणि बाई निरोपालाही थांबली नाही, असं मनात म्हणत मी स्टँडवर आले.

वाशीमच्या गाडीची वाट बघत होते, तेव्हा समोरच्या पुण्याच्या गाडीत खिडकीशी काकू दिसल्या. मांडीवर तीच पिशवी. मी धावत खिडकीखाली गेले.

"काकू, कुठं?"

"पुन्याहून दुसरी गाडी भेटते कोकनाची. इचारून ठेवलं म्या." त्यांनी तिकीट दाखवलं, बाईमाणसाचं अर्धं तिकीट. चेहरा रागीट नव्हता. सातवीतल्या पोरीसारखा होता, हात वर केलेला. "सरळ इचारलं तं नाई म्हनले. आता तिरपी चालली."

मी हसले. खरंच आनंद झाला मला. मी म्हणाले, पोचल्यावर फोन करजा. आणि तेवढ्यात सुभाषभाऊंची स्कूटर आत आली. मंदिरातून कुणीतरी कळवलं असणार. ते गाडीत चढले, कंडक्टरशी बोलले, स्वतःच्या कपाळाशी बोट फिरवून दाखवलं. सगळे किती समजूतदार! एक म्हातारा म्हणाला, "जा बाई, पोरगा न्यायले आला, नशीब लागते." कोणीतरी पिशवी उचलून खाली दिली. काकू बाक धरून बसल्या होत्या. "मायं तिकीट हाय," त्या सांगत होत्या. "पैसे देल्ले म्या. तिकीट हाय मायं."

कंडक्टर तरणा होता, त्याला पटत नव्हतं. त्यानं खिडकीतून मला विचारलं, "मॅडम, तुमी वळखता न यायले? खरंच डोकं फिरलं हाय का यायचं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. सुभाषभाऊंनीही पाहिलं. एक 'नाही' पुरेसं होतं. दोन अक्षरं.

मी म्हणाले, "मी काय सांगू, त्यांच्या घरच्यांनाच विचारा."

मग काकू आपणच उठल्या. कुणी हाताला धरलेलं झटकून पायऱ्या उतरल्या. स्कूटरवर मागं बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. स्कूटर सुरू झाली तेव्हा माझ्याकडे न बघता, न ओरडता म्हणाल्या, "कूपनावरचं नाव बी तुयाच अक्षरातलं होतं, मास्तरीन."

स्कूटर फाटकातून बाहेर पडली. पुण्याची गाडीही तिच्या मागोमाग निघाली आणि फाटकापाशी दुसरीकडे वळली. काकूंनी मान वळवली आणि ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या. पिशवीतून तांब्याचं तोंड बाहेर आलं होतं, ते त्यांनी तळहातानं झाकून धरलं होतं.